चिंचेच्या पाण्यातला राजा

पंधराशे वर्षांपूर्वी बुडालेल्या एका राज्याचं सुतक आजही पाळणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो आर्वीला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत राहतो. माझं नशीब असं, की तो माझा साडभाऊ आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. लोकांचे साडभाऊ भेटले की पाऊसपाणी, कापसाचा भाव, पोरांच्या नोकऱ्या असं काहीतरी शहाण्यासारखं बोलतात. मी पुलगावहून एसटीनं जाऊन त्यांच्या दारात पोचलो, की पायातली चप्पल निघायच्या आत हे विचारणार, व्हँडलांनी रोमनांचं आरमार कसं जाळलं ते मागच्या खेपेला सांगितलं होतं का. सांगितलेलं असायचंच. तरी मी नाही म्हणायचो, कारण हो म्हटलं तर ते गॉथांकडे वळत, आणि गॉथ व्हँडलांपेक्षा लांब चालतात.

व्हँडल म्हणजे, गॉथांसारखीच, जर्मनीच्या बाजूनं निघालेली एक जमात. चालत चालत युरोप तुडवून, समुद्र ओलांडून ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचली, तिथं तिनं शंभरेक वर्षं राज्य केलं आणि मग रोमनांनी ते मोडलं. एवढं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. साडभाऊंचं सारं आयुष्य भूमापनाच्या कचेरीत शेतांचे नकाशे उतरवण्यात गेलं. भिंग हातात आलं ते तिथं. पहिल्यांदा त्यांनी परदेशातल्या एका दुकानदाराकडून रोमन नाणी मागवली होती. त्यानं चुकून दुसरंच पाकीट धाडलं. आत नऊ काळे तुकडे, व्हँडलांची नाणी. मसुरीपेक्षा मोठे, सदऱ्याच्या बटणापेक्षा लहान. ते आणून देणारा पोस्टमन पाकिटावरच्या तिकिटांची किंमत पाहून हळहळला होता. दुसरा कोणी असता तर भांडून पाकीट परत केलं असतं. हे भिंग घेऊन बसले ते दोन दिवस उठलेच नाहीत. आपल्याकडे वावरात सातवाहनांची नाणी निघतात, ती जमवा की, असं मी सुचवून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "त्याइले इचारनारे लई हायेत. ह्याइले कोनीच नाई."

मग बावीस वर्षांत नवाची एकेचाळीस झाली. प्रत्येक नाणं पतंगाच्या कागदात गुंडाळलेलं, आणि सगळी होमिओपॅथीच्या जुन्या पेटीत, गोळ्यांच्या बाटल्यांच्या खाचांमध्ये. एखाददुसरं नाणं मात्र नेहमी खिशात. तळेगावला एका लग्नात पंगतीला शेजारच्याला दाखवता दाखवता ते वरणाच्या बादलीत पडलं, आणि वाढपी पुढं निघून गेला. साडभाऊंनी उभं राहून, हात जोडून, सबंध पंगत थांबवली. पुढच्या आठ पानांतलं वरण चमच्यानं तपासलं. शेवटी नवरीच्या मामानं खडा समजून पानाच्या कडेला काढून ठेवलेला तुकडा तोच निघाला. मामा चिडले होते, पण साडभाऊंच्या डोळ्यांत पाणी पाहून त्यांनी स्वतःच्या धोतराला पुसून तो परत दिला. मला मात्र त्या दिवशी तोंड लपवायला जागा नव्हती.

या माणसाबरोबर ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीनं, संसार केला, आणि मजेत केला. साडभाऊंचा सगळ्यात जीव होता तो व्हँडलांच्या शेवटल्या राजावर. राज्य गेल्यावर हा राजा एका डोंगरावर जाऊन बसला. खाली रोमनांचा वेढा. उपासमार झाली तेव्हा त्यानं शत्रूकडेच तीन वस्तू मागून पाठवल्या: खायला एक पोळी, रडून सुजलेले डोळे टिपायला एक स्पंज, आणि आपलं दुःख गायला एक वीणा. ही गोष्ट सांगताना साडभाऊंचा आवाज दर वेळी त्याच जागी भरून यायचा, आणि ताई स्वयंपाकघरातून दर वेळी त्याच जागी म्हणायच्या, "पोळीसंग भाजी नाई मागतली का त्यानं?" पुढं रोमनांनी त्याला दूर कुठं शेती दिली आणि तिथं तो म्हातारा होऊन मेला, असं कळल्यावर तर ताईंनी त्याची काळजीच सोडली. पण त्या राजाचं नाणं साडभाऊंना मिळत नव्हतं. मिळालं तेव्हा नाणी जमवायला लागून चौदा वर्षं झाली होती. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला त्याच्या नावाची अक्षरं एकात एक गुंतवलेली. त्या दिवशी ताईंनी शिरा केला होता.

त्याच वर्षी दिवाळीत ते घडलं. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरातलं तांबं-पितळ चिंच लावून लखलखीत करतात, हे सांगायला नको. ताईंनी घंगाळ घासलं, तांबे घासले, समई घासली, आणि मग त्यांना वाटलं, यांची नाणी बिचारी काळीकुट्ट, सणाच्या दिवशी तशीच. साडभाऊ बाजारातून झेंडू घेऊन आले तर पाटावरच्या लाल कापडावर पेटीतली सगळी नाणी मांडलेली, प्रत्येक नवीन बांगडीसारखं झळकत होतं.

जुन्या नाण्यावरचा काळेपणा म्हणजे मळ नसतो. शेकडो वर्षांत धातूवर धरलेली ती साय असते. चित्र आणि अक्षरं तिच्यातच टिकून असतात. ती गेली की नाण्याचा जीव गेला. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. त्या दिवशी मी तिथं होतो आणि मला काहीच कळत नव्हतं. मी फक्त एवढं पाहिलं, की ते झेंडूची पिशवी धरून बराच वेळ उभे राहिले. ताई पदराला हात पुसत विचारत होत्या, कसे झाले म्हणून. साडभाऊ म्हणाले, "छान झाले."

तिथं थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण आपलं काम आवडलं म्हणून ताई खूश झाल्या आणि पुढच्या वर्षीही घासायला बसल्या. मग दरवर्षीचा नेमच झाला. वर्षभरात नाण्यांवर जरा तपकिरी झाक धरायची, की दिवाळी यायची. मी साडभाऊंना आडून, उघड, सगळ्या तऱ्हेनं सांगून पाहिलं, की पेटीला कुलूप लावा, नाही तर ताईंना सरळ सांगा. त्यांनी मला डेपोसमोरच्या टपरीवर नेलं, चहा पाजला आणि शपथ घातली. "तिले समजलं का आपन काय केलं, तं थे सोताले माफ नाई करनार. सांगू नोका." एवढं बोलून ते पुन्हा गॉथांवर गेले. नाणी तर दिवाळीगणिक झिजत होतीच. पण त्या माणसाला रात्रंदिवस धास्ती होती ती एकच, की ताईंना हे कळू नये.

एकदा माझ्याच मूर्खपणानं ते कळणार होतं. नागपूरचे नाण्यांचे एक जाणकार माझ्या ओळखीचे झाले होते. साडभाऊंना आनंद व्हावा म्हणून मी त्यांना आर्वीला घेऊन गेलो. त्यांनी पेटी उघडली, तीन कागद सोडले आणि भिंग खाली ठेवून विचारलं, "हे कोणी केलं?" ताई आत चिवडा परतत होत्या, सगळं ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. साडभाऊ मोठ्यानं म्हणाले, की मीच घासतो, मला चमकदार आवडतात. पाहुण्यांनी त्यांना पंधरा मिनिटं शाळेतल्या पोरासारखं झापलं. साडभाऊ मान खाली घालून हो, हो म्हणत राहिले. पाहुण्यांच्या तोंडाचा पट्टा चालू असताना ताई बशा घेऊन बाहेर आल्या. नवऱ्याला बोलणी बसताना पाहून त्यांना राग आला असावा, कारण पाहुण्यांच्या बशीत चिवडा अगदीच बेताचा होता. मला तेव्हा शंका आली होती, की त्यांना समजलं. पण त्या वर्षीही त्यांनी नाणी घासली, म्हणून मी ती शंका सोडून दिली.

ताई गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास गेल्या. आजार लांबला नाही, तेवढंच बरं. वर्ष व्हायचं होतं म्हणून त्या घरात दिवाळी नव्हती. अशा घरी नातेवाइकांनी फराळ न्यायचा असतो; आमच्या हिनं डबा दिला आणि मी लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आर्वीला पोचलो. दारात रांगोळी नाही, आत कसला वास नाही. साडभाऊ मागच्या ओसरीत पाटावर बसले होते. समोर होमिओपॅथीची पेटी उघडी, आणि एका वाटीत चिंच, चिंचोक्यांसकट, गार पाण्यात तरंगत होती. मला पाहून त्यांना हायसं वाटलं. आरमाराचं काही निघालं नाही. ते म्हणाले, "चिंच किती येळ भिजवाव लागते, जरा घरी फोन करून इचारता का? मी कधी पाह्यलंच नाई तिच्याकडं."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आता तरी राहू द्या. आता कोणापासून लपवायचं आहे?" त्यांनी चिंचेची वाटी माझ्याकडे सरकवली. मी फोन लावला. आमची ही आधी रडली, मग म्हणाली, कोमट पाण्यात अर्धा तास, आणि वरून चिमूटभर मीठ. साडभाऊंनी मीठ शोधलं. आम्ही दोघं घासायला बसलो. पुष्कळ नाण्यांवर आता घासण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दोन्ही बाजूंनी सपाट तांबं. चाळीस झाली. एकेचाळिसावं त्यांनी कागदातून काढलं, चिंचेत बोट बुडवलं आणि तसेच बसून राहिले. राजाच्या कपाळाची रेघ आणि नाकाचा शेंडा, एवढंच उरलं होतं. मग त्यांनी ते माझ्या हातावर ठेवलं.

"हे तुमी घासा, साडभाऊ. माह्याच्यानं होत नाई."

मी त्यांच्याकडे पाठ केली. चिंचेला हात लावला नाही. कोरड्या अंगठ्यानं, जोर न देता, घासल्याचा आवाज होईल इतपत हात हलवला, नाणं साध्या पाण्यातून काढलं, पंच्याला टिपलं आणि परत दिलं. ते जसं होतं तसंच तपकिरी होतं. साडभाऊंनी ते उजेडाकडे धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. नंतर माझ्याकडे पाहिलं. मला मान वर करता आली नाही.

"छान झालं," ते म्हणाले.

मग लाल कापड पसरून त्यांनी सगळी नाणी मांडली, ताई मांडायच्या तशी. ते एक सगळ्यांच्या पुढं ठेवलं. यंदाच्या दिवाळीलाही दुपारच्या एसटीनं मीच जाणार आहे. चिंच आमची ही बांधून देणार आहे.