आत्याचं धोंडास

गुहागरच्या शाळेत कारकुनी करून निवृत्त झालेल्या कमलाचं आयुष्यात कौतुक असं कुणी फारसं केलं नाही. आईवडिलांची दुखणी काढता काढता लग्न राहून गेलं, ते राहिलंच. तरी हरतालिकेचा उपास ती अजून निर्जळी करते. आता कशासाठी, असं वाडीतल्या बायका एकमेकींना विचारतात आणि तोंडाला पदर लावून हसतात. हसेनात मेल्या! कमलाला सलिलची मुलं होती. हा धाकटा भाऊ दर गणपतीला मुंबईहून सहकुटुंब यायचा, आणि आत्याने काहीही पुढे ठेवलं की शौनक आणि भार्गवी एका सुरात म्हणायची, "छान झालंय, आत्या!" तेवढ्यावर ती वर्ष काढायची.

यंदा तिच्या मनात एक होतं. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना आपल्याकडे ठेवून घ्यायचं. मेचं काही बोलायचंय, एवढंच तिने सलिलला फोनवर सांगून ठेवलं होतं. भावजय ऋजुता सहजी हो म्हणणारी नव्हे. तिचा आधीच फोन आला होता, "कमलाताई, शौनकचं वजन वाढलंय. यंदा साखर, मैदा, तळण काही नको हं." कमला उलट खूशच झाली. मुलांच्याच हातून धोंडास करून घ्यायचं तिने ठरवलं. पिकलेलं तवसं, म्हणजे कोकणातली मोठी काकडी, किसायचं, त्यात तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं घालून वाफवायचं. आरतीला आलेल्यांना ते वाटायचं, मुलं फुशारकीने "आम्ही केलं" म्हणतील, आणि तिथेच सलिलकडे मेचं बोलून टाकायचं.

हरतालिकेच्या दुपारी आत्या आणि मुलं अशी तिघं स्वयंपाकघरात बसली. तवसं मोठं, पिवळंधमक होतं. पण एखादं कडू निघतं, म्हणून किसण्याआधी चाखून बघावं लागतं. एरवी कमला स्वतःच चाखते. आज तिचा उपास.

"भार्गवी, एवढी फोड खाऊन बघ गो. कडू नाही ना?"

भार्गवीने फोड तोंडात टाकली, डोळे घट्ट मिटले आणि गिळली.

"छान आहे, आत्या."

मग काय! शौनकने किसायला घेतलं, भार्गवीने गूळ फोडला, निम्मा खाल्लाही. कमलाच्या पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता, पण इतकं सुख तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीनंतर तिने धोंडासाच्या वड्या वाटल्या. शेजारच्या हरिश्चंद्रभाऊंनी घास घेतला आणि उठून तडक अंगणात गेले. प्रसाद थुंकायचा कसा, म्हणून बाकीच्यांनी कसाबसा गिळला. गूळ, खोबरं, वेलची कशालाही दाद न देता तवशाचा कडूपणा जिभेवर बसला होता.

"असू दे हो, ताई," ऋजुता हसून म्हणाली. "सलिल बेकरीतून केक आणेल." आणि सलिल खरंच गाडीची किल्ली घेऊन निघाला. मैद्याचं आणि साखरेचं आता काय, हे कुणी विचारलं नाही.

कमलाने भार्गवीला मागच्या पडवीत नेलं.

"तुला कडू लागलं नव्हतं का गो?"

"लागलं होतं. खूप."

"मग बोलली का नाहीस?"

भार्गवीला प्रश्नच कळेना. "आई गाडीतच सांगते ना. आत्याने काहीही दिलं तरी छान म्हणायचं. तिला कुणी नाही ना."

"दर वर्षी सांगते?"

"हो!" आपण शहाण्यासारखं वागलो, अशा खुशीत ती म्हणाली.

राग तरी कुणावर काढायचा? पोरीने सांगितलेलं ऐकलं होतं. ऋजुताने तिला दया करायला शिकवलं होतं, आणि तेच कमलाच्या जिव्हारी लागलं. इतकी वर्षं जे कौतुक म्हणून तिने उराशी धरलं, ती भीक होती.

केक आला. मुलांनी तो दोन-दोनदा मागून खाल्ला. छान आहे, असं दोघांपैकी कुणीही म्हणालं नाही.

निघायच्या दिवशी सामान गाडीत ठेवता ठेवता सलिल म्हणाला, "ताई, तू मे महिन्याचं काहीतरी बोलणार होतीस ना?"

मुलं मागच्या सीटवर बसली होती. कमलाने खिडकीतून त्यांच्या हातावर गुळाची नारळवडी ठेवली. दोघांनी आधी आईकडे पाहिलं.

"छान झालीय, आत्या!"

वडी अजून हातातच होती.

"काही नाही रे," कमला सलिलला म्हणाली. "मेमध्ये इथे उकडतं फार. मुलांना सोसायचं नाही."