गालिच्यावर चप्पल

पद्माताईंना वस्तू पसंत करायला वेळ लागत नसे. वेळ लागायचा तो दुकानदारांना, त्यांचं ‘नाही’ म्हणजे खरोखरच ‘नाही’ हे समजायला. लखनौत निशातगंजच्या गालिचेवाल्याने त्यांच्यापुढे बोटभर जाड, मऊ, मोठमोठ्या काळ्या फुलांचा लाल गालिचा उलगडला आणि म्हणाला, “मैडम, नवाबी चीज़ है.”

“नवाब पालकी में चलते थे, भैया. हमारे मरीज़ वॉकर पे चलते हैं.”

मऊ गालिच्यात वॉकरचे पाय रुततात, आणि अधू डोळ्यांना काळं फूल खड्ड्यासारखं दिसतं. हे त्यांनी त्याला समजावलं नाही. गालिचा गुंडाळायला लावला.

पद्माताई मूळच्या कराडच्या. नवरा बाळकृष्ण निकम हवाई दलात होते. शेवटचं पोस्टिंग लखनौजवळ बख्शी का तालाबला झालं आणि निवृत्तीनंतर दोघांनी तेलीबागेत घर केलं. तिथल्याच एका पुनर्वसन केंद्राचा कारभार पद्माताई बघत. लकवा झालेली, खुब्याचं हाड मोडलेली माणसं तिथे पुन्हा चालायला शिकत. चालण्याच्या हॉलला चकचकीत टाइल्स होत्या. एकदा लकव्याने डावा पाय अधू झालेल्या सरोजजी तिथे घसरल्या. लागलं काहीच नाही, पण भीती बसली. सगळ्या मोहल्ल्याच्या लग्नांत हुकूम सोडत फिरणारी ही बाई चाकाच्या खुर्चीला चिकटून बसली. अशीच बसून राहिली तर डावा पाय कायमचा जाईल, हे सांगून डॉक्टर राजेश थकले होते.

“हॉलमध्ये गालिचा घालू या,” पद्माताई त्यांना हिंदीत म्हणाल्या.

“कालीन? पद्माजी, महीने भर में बदबू मारेगा.”

“नहीं मारेगा. सरोजजी उस पर नहीं चलीं, तो मैं खुद उखड़वा दूँगी.”

एवढं बोलून झाल्यावर मग निवड आली. त्यांनी आखूड, घट्ट विणीचे चौकोनी तुकडे निवडले. एखादा बिघडलाच तर तेवढाच काढून दुसरा बसवता यावा, खाली पाणी झिरपू नये, असे. त्यातले तीन नमुने घरी आणून स्वयंपाकघराच्या दारात टाकले. कारखान्यातली तपासणी वेगळी आणि घरातला वावर वेगळा. फोडणीचं तेल, हळद, दवाखान्यातलं तांबडं औषध, उकळता चहा, सगळं त्यांनी हाताने ओतलं आणि ओल्या फडक्याने टिपलं.

“आता पोळ्याही त्याच्यावरच लाटणार का?” बाळकृष्णरावांनी विचारलं.

“तुम्ही नुसतं बोलू नका. ती खुर्ची ओढा त्याच्यावरून. बसून ओढा, वजन पडू दे.”

“हवाई दलात एवढी परीक्षा विमानाची होत नव्हती.”

एक नमुना हळदीने खाल्ला, एकाचे धागे खुर्चीने उपसले. तिसरा टिकला. रंगही त्यांच्या मनासारखा, वाळल्या कढीपत्त्याचा हिरवा. दवाखान्याचा राखाडी रंग त्यांना नकोच होता. आजाऱ्याला आजाराचाच रंग कशाला दाखवायचा?

गालिचा बसला. हॉल असा उजळला की लोक दारातच थबकले. आणि तिथेच घोटाळा झाला. इतका सुंदर गालिचा बघून लखनौच्या माणसाचा पाय चपलेसकट पुढे पडेना. नातेवाइकांनी दारात जोडे काढले, त्यांचं बघून आयांनीही. उंबऱ्याशी चपलांचा ढीग लागला, वॉकर अडकेल असा. सरोजजींची खुर्ची आणली. त्यांच्या पायात पट्ट्यांचे भक्कम बूट होते. त्या बुटांशिवाय डावा घोटा मुरगळला असता.

“पहले जूते उतारो हमारे,” त्या म्हणाल्या.

“जूते नहीं उतारने हैं, सरोजजी.”

“कालीन पर जूते? इतने भी बेतमीज़ नहीं हुए हम. रहने दो, हमें वापस ले चलो.”

डॉक्टर हसले. “मुबारक हो, पद्माजी. आपने तो ड्रॉइंग रूम बना दिया.”

पद्माताईंना हे सुचलं नव्हतं. तेल-हळदीची परीक्षा त्यांनी घेतली, पण रीतभात नावाची गोष्ट त्यांच्या नमुन्यांतून निसटली होती. त्यांनी आयाच्या ट्रेमधला चहाचा कप उचलला, बाजाराची धूळ लागलेल्या चपलांनिशी हॉलच्या मधोमध गेल्या आणि कप सरळ उपडा केला.

“हाय अल्लाह!” कुणीतरी ओरडलं. डॉक्टरांचं हसू मावळलं.

“झाला जुना,” पद्माताई स्वतःशीच मराठीत म्हणाल्या आणि फडकं घेऊन खाली बसल्या. घासलं नाही, टिपत राहिल्या. “देखिए सरोजजी, अब ये नया नहीं रहा. आइए.”

सरोजजींनी मान उंच केली. ज्या बाईने आयुष्यभर चादरींवरचे, ओढण्यांवरचे डाग काढले तिला खुर्चीत बसून राहवेना. “ऐसे नहीं जाएगा. दूध वाली चाय है, दाग छोड़ेगी.”

“नहीं छोड़ेगी.”

“हमको मत सिखाइए!” वॉकर पुढे आला. त्या उठल्या. एक बूट गालिच्यावर टेकला, रुतला नाही, सरकला नाही. मग दुसरा. आया मागे हात पसरून तयार, पण सरोजजींचं लक्ष फक्त त्या ओल्या चौकोनावर. अर्ध्यावर येऊन त्यांनी डोळे बारीक केले.

“किनारे पर है थोड़ा सा.”

डाग कुठेच नव्हता. पद्माताई फडकं घेऊन दोन हात मागे सरकल्या.

“कहाँ? मुझे तो नहीं दिखता. पास आके दिखाइए ज़रा.”