माझं तीन रविवारांचं बंड

पुसदच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत उपासनेतलं शास्त्रवाचन मी पंधरा वर्षं केलं. मी शाळामास्तर, आवाज खणखणीत. देवालाही आपलं वचन माझ्याच तोंडून ऐकायला आवडत असणार, अशी माझी समजूत होती. मग पाळकांनी ते काम अंगणवाडीतल्या एका मदतनीस बाईंना दिलं. त्या वाचायला शिकल्या त्याच मुळी चाळिशीत. मी चर्चला जाणं बंद केलं.

"माझं भांडण माणसांशी आहे, देवाशी नाही," मी बायकोला ऐकवलं. रागात मी पुस्तकी बोलतो.

"मंग घरची प्रार्थना काहून सोडली?" असं विचारून ती एकटीच उपासनेला गेली.

खरं तर मी देवाला अद्दल घडवत होतो. रविवारी सकाळी दार उघडं टाकून पेपर वाचत बसायचो. चर्चला जाणाऱ्यांपैकी कोणीतरी थांबून मनधरणी करेल, ही आशा. दोन रविवार गेले, तिसराही गेला, कोणी थांबलं नाही. पुढच्या शनिवारी त्या बाईच दारात आल्या.

"गुरुजी, उद्याचा पाठ लय कठीण हाय. जरासा आयकता का?"

ऐकला. प्रत्येक जोडाक्षराला अडवलं, गरज नसतानाही. त्या न चिडता पुन्हा वाचत. पाठात 'बंडखोर' शब्द आला तशा थांबल्या.

"देवाशी बंड म्हंजे मोर्चा काढल्यासारखं असते का जी?"

माझ्यातला मास्तर जागा झाला. "नाही हो. माणूस वरून भला दिसतो, देवाचं कामही करतो. पण मनात म्हणतो, तुझं नाही, माझंच चाललं पाहिजे. देवाच्या जागी स्वतःला बसवणं, तेच बंड. सगळ्या पापाचं मूळ ते."

"असा माणूस वळखाचा कसा?"

आत बायकोला ठसका लागला. मी चष्मा पुसत बसलो.

"अन् तो वापस आला तं देव घेते का त्याले?"

"घेते," मी म्हणालो. शुद्ध भाषा कुठे गेली कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. पापकबुलीच्या वेळी एरवी मला इतरांची पापं आठवत. त्या दिवशी माझीच पुरून उरली. बाईंनी पाठ वाचला, हळू, पण एकही चूक नाही. त्याचं श्रेय मी लगेच स्वतःला देऊन टाकलं. त्यामुळे प्रभुभोजनाला उठण्याआधी मनातल्या मनात कबुली दुसऱ्यांदा द्यावी लागली. पाळकांनी काही न विचारता भाकर माझ्या हातावर ठेवली.