आधी पाठ बघ

कुठलंही पत्र हातात आलं की तात्या ते आधी उलटं करायचे. नाव, पत्ता, अक्षर, सगळं नंतर. म्हणायचे, "आदी पाठ बघावी. पुढून काय, कुनी बी गोड दिसतं."

माझ्या सायबर कॅफेत ते पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना पडद्यावर एक मेल उघडून दाखवला. त्यांनी तो वाचला नाही. खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घातला आणि मॉनिटरच्या मागं जाऊन वाकले. तिथं वायरींचं जंजाळ, धूळ आणि एक मेलेलं झुरळ.

"पाठ लई घान हाय राव," म्हणाले.

रांगेतली पोरं हसली. मीही हसलो. त्या हसण्याबद्दल मला काही वाटत नाही, हसण्यासारखंच होतं. पुढं जे झालं ते सांगायचं आहे. ते सांगायला मला अठरा-एकोणीस वर्षं लागली, आणि आत्ताही लिहिताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो आहे.

जुन्नरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझा कॅफे होता. वर शिवणक्लास, खाली माझे तीन कॉम्प्युटर, त्यातला एक कायम बिघडलेला. फोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं, त्याआधी मोडेमचा डबा किंचाळायचा. तात्या विचारायचे, "कुनाला वरडतोय हा?" त्या काळात गावात कॉम्प्युटरमधलं ज्याला कळतं असा माणूस म्हणजे मी. निदान मी तसं समजायचो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

तात्या रिटायर पोस्टमन. तीस वर्षं खांद्याला पिशवी अडकवून हिंडल्यामुळं त्यांचा डावा खांदा खाली गेला होता. पिशवी सुटली तरी खांदा वर आला नाही. लांबून चालत आले की वाटायचं, हा माणूस अजून काहीतरी वाहून आणतोय. तुमच्याही गावात असा एखादा असेल.

नोकरी संपली तरी लोक त्यांना पत्रं दाखवायला यायचे. एकदा बाजारपेठेतले एक शेठ आले. कुठल्याशा कंपनीच्या मुंबईच्या हेड ऑफिसातून पत्र होतं, एजन्सी देतो म्हणून. तात्यांनी पाकीट उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं.

"शेठ, आत मुंबई लिवलंय आन वर शिक्का मंचरचा. हेड आपीस कांद्याच्या मार्केटात हाय का?"

शेठ पाकीट घेऊन गेले आणि संध्याकाळी पेढे घेऊन परत आले.

त्यांचा नियम साधा होता. पत्रावर दोन शिक्के पाहिजेत. टाकलं तिथला एक, पोचलं तिथला एक. "दोन न्हाईत तर पत्र चाललंच न्हाई. कुनीतरी हातानं आनून टाकलंय." आणखी दोन गोष्टी सांगायचे. पत्रात नाव नसेल तर ते आपलं नाही, साऱ्या गावाचं आहे. आणि जे पत्र घाई करतं, ते दोन दिवस पाटावर ठेवावं.

आता ते माझ्याकडं का यायचे ते सांगतो.

त्यांना एकच मुलगी. नर्सिंग शिकली, पुण्याला नोकरीला लागली आणि तिथं स्वतःच्या मनानं लग्न केलं. जातीतलं नव्हतं. तात्या तेव्हा नोकरीत होते. महिन्याभरानं तिचं पत्र आलं. स्वतःच्या गल्लीचं टपाल वाटणारे तेच आणि पत्र घेणारेही तेच. त्यांनी पत्र फोडलं नाही. लाल शाईनं वर 'घेण्यास नकार' लिहिलं, खाली सही केली आणि दुसऱ्या दिवशीच्या पिशवीत परत घातलं.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, कॉम्प्युटर सुरू होण्याची वाट बघताना. "लोकांची पत्रं पावसात, चिखलात पोचवली. एक परत लावलं. लिवनारा बी मीच, सही बी माझीच."

बायको गेली. मुलीला कळवायला पत्ता नव्हता, नवऱ्याबरोबर ती मस्कतला गेली होती. नंतर कधीतरी मंचरच्या स्टँडवर तिची एक वर्गमैत्रीण भेटली. तिच्याकडंही घरचा पत्ता नव्हता, ई-मेलचा होता. एसटीच्या तिकिटामागं तो लिहून घेऊन तात्या सरळ माझ्याकडं आले. मी त्यांचं खातं उघडलं. पासवर्ड त्यांनीच दिला, मुलीचं नाव आणि जुन्नरचा पिनकोड.

त्यांनी सांगितलं ते टाइप करून मी तिला पाठवलं, आठव्या दिवशी उत्तर आलं. इंग्रजी अक्षरांत मराठी. इंग्रजी पत्ते वाचण्यात जन्म गेलेला माणूस, पण ते बघून म्हणाले, "मराठीला पँट घातल्यावानी दिसतंय. तूच वाच."

मी वाचलं. "तात्या, हे पत्र परत पाठवायची सोय नाही, म्हणून लिहिते. घरचा पत्ता आत्ता देत नाही. भीती वाटते."

तात्यांनी खिशातून टोपी काढली, घातली, परत काढली. मग म्हणाले, "पुन्यांदा वाच."

त्यानंतर दर आठवड्याला ते यायचे. दारातून विचारायचे, "आलं का?" मी म्हणायचो, "आलंय, बसा." ती नातवाबद्दल लिहायची, तिथल्या उन्हाबद्दल, आईच्या हातच्या मासवडीबद्दल. पत्त्याबद्दल तात्यांनी कधी विचारलं नाही. "ती देईल तवा देईल," म्हणायचे. त्यांना तेवढंच हवं होतं. एक दिवस मुलीनं पत्ता द्यावा आणि आपण त्यावर स्वतःच्या हातानं पाकीट टाकावं.

तो दिवस बारावीच्या निकालाचा होता. दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती. पोरं, त्यांच्या आया, पेढ्यांच्या पुड्या हातात घेऊन आधीच तयार असलेला एक मामा. त्यात तात्या आले. "आलं का?"

मी त्यांचं खातं उघडलं. मुलीचं पत्र नव्हतं, एक इंग्रजी मेल होता. वर कंपनीचं रंगीत चिन्ह. तुमच्या खात्यात कुणीतरी शिरायचा प्रयत्न केला आहे, सुरक्षिततेसाठी खाली दाबून पासवर्ड पुन्हा भरा, नाहीतर चोवीस तासांत खातं बंद.

मी घाईघाईनं मराठीत सांगितलं. तात्या पुढं झुकले.

"माझं नाव हाय का त्याच्यात?"

"डिअर यूजर लिहिलंय. म्हणजे तुम्हीच."

"माझं नाव डिअर यूजर न्हाई. पाठ दाव."

"तात्या, ह्याला पाठ नसते."

"शिक्का?"

"हे काय, चिन्ह आहे की कंपनीचं."

"चिन्ह तर रबराचे शिक्के करनारा बी करून देतो. चोवीस तासाची घाई कुनाला झालीया? दोन दिस ऱ्हाऊ दे."

मागून एक पोरगा म्हणाला, "भाऊ, आवरा ना, माझा नंबर कधीचा आहे." सगळ्यांचं लक्ष माझ्याकडं होतं आणि एक रिटायर पोस्टमन मला कॉम्प्युटर शिकवत होता. मी जरा मोठ्यानंच म्हणालो, "तात्या, पोस्टातलं इथं चालत नाही. बंद झालं खातं तर मुलीचं पत्र कुठं येणार?"

ते मागं सरले. मग म्हणाले, "तू म्हनतो तर खरं असंल."

मी दाबलं. पासवर्ड भरला. मुलीचं नाव, गावाचा पिनकोड.

दुसऱ्या दिवशी खातं उघडेना. मी चार वेळा भरून बघितलं आणि काय झालंय ते मला कळलं. तो मेल खोटा होता. खातं दुसऱ्याच्या हातात गेलं होतं, आणि ते मी माझ्या बोटांनी दिलं होतं.

तात्यांना मी सांगितलं, कंपनीनं जुनी खाती बंद केली. "म्हंजी ते पत्र खरं व्हतं तर," ते म्हणाले. मी म्हणालो, हो. त्यांना माझ्याबद्दल उलट बरंच वाटलं असावं.

नवीन खातं काढलं. त्यांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. "पैलं खातं का बंद झालं ते तिला नीट लिही," म्हणाले. मी लिहिलं, तांत्रिक कारणामुळे.

तीन दिवसांनी उत्तर आलं. मी सकाळी दुकान झाडत होतो, एकटाच होतो. ते पत्र मला पाठ आहे. "तुम्ही कोण आहात? माझ्या वडिलांच्या खात्यावरून मला इंग्रजीत विचित्र मेल आला. त्यातलं काही मी उघडलं नाही. आता नव्या पत्त्यावरून परत त्यांचं नाव. तुम्ही खरंच तात्या असाल, तर माझ्या पहिल्या पत्रावर लाल शाईनं काय लिहिलं होतं ते सांगा. सांगता आलं नाही तर परत लिहू नका."

पोरगी बापाचीच होती. तिनं पाठ बघितली होती.

दोन शब्दांचं काम होतं. पण ते पत्र वाचून दाखवायचं म्हणजे इंग्रजी मेलचं वाचावं लागणार, खातं चोरीला गेल्याचं सांगावं लागणार, चोरी कुणाच्या हातून झाली ते सांगावं लागणार. मागच्याच आठवड्यात दुसऱ्या पेठेत नवा कॅफे उघडला होता, सहा मशिनी. गावात बोभाटा झाला असता. हे कारण मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. खरं कारण याहून लहान आहे. निकालाच्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्यांना गप्प केलं होतं, आणि तेच बरोबर होते असं मला म्हणायचं नव्हतं.

अकरा वाजता तात्या दारात. "आलं का?"

"नाही," मी म्हणालो. त्याआधी मी ते पत्र पुसून टाकलं होतं.

त्यांनी नकार लाल शाईनं लिहून खाली सही तरी केली होती.

ते येत राहिले. आणखी तीन पत्रं त्यांनी सांगितली, मी टाइप केली. त्या दोन शब्दांपाशी ते कधी आले नाहीत आणि मी त्यांना नेलं नाही. पुढं पुढं ते "आलं का" विचारायचेही नाहीत. दारात उभे राहायचे, मी मान हलवायचो, ते जायचे. मला दुकानात बसवेना. गल्लीच्या तोंडाशी तो खाली गेलेला खांदा दिसला की मी आत जाऊन काहीतरी खुडबुड करायचो.

दिवाळीच्या आधी एकदा आले ते हातात निळं अंतर्देशीय पत्र घेऊन. पत्त्याच्या जागी मुलीचं नाव, आणि खाली पोस्टमनच्या घोटीव इंग्रजी अक्षरांत तिचा ई-मेल, मधल्या त्या वेटोळ्यासकट. ते वेटोळं त्यांनी फार मन लावून काढलं होतं.

"तात्या, हे कसं जाईल?"

"जानार न्हाई. मला ठावं न्हाई व्हय? पर शिक्का तर बसंल."

"मग?"

"पत्ता अपुरा म्हनून परत येईल. मागं तुझ्या दुकानाचा पत्ता घातलाय. आलं की ठिव. कवा तिनं इचारलं, तर दाव. कॉम्प्युटरचं खरं खोटं तिला कळायचं न्हाई, ह्यो कागूद कळंल."

माझ्याबद्दल त्यांना काही कळलं होतं का, हे मी त्या वाक्यात किती वेळा शोधलंय. मला अजून सापडलेलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांना छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांनी जीपमधून नारायणगावला नेलं, तिथून पुण्याला. जिवंत परत आले नाहीत. कुकडीच्या काठावर शेजाऱ्यानंच पाणी दिलं. मुलीला कळवायचं कसं, असं तिथं कुणीतरी विचारलं. मी घाटाच्या पायऱ्यांवरच उभा होतो. बोललो नाही.

चौथ्या दिवशी नवा पोस्टमन दुकानात आला आणि निळं पत्र टेबलावर टाकून गेला. वर 'पत्ता अपूर्ण'. मी उलटं केलं. दोन शिक्के होते.

पुढं कॅफे बंद झाला. मी कॉम्प्युटरचीच नोकरी धरली, कामातलं बरंच शिकलो. प्रत्येक मेलच्या आत एक न दिसणारा भाग असतो, तो कुठून निघाला, कुठं कुठं थांबला, सगळ्याची नोंद एकाखाली एक. म्हणजे मेलला पाठ असते. शिक्केही असतात. ते वाचलं त्या दिवशी मी जेवलो नाही.

आता मला शाळांत, ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकांत बोलावतात, खोटा मेल कसा ओळखावा ते सांगायला. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता बघा. तुमचं नाव आहे का बघा. घाई करत असेल तर थांबा. त्यातल्या दुव्यावर दाबू नका, स्वतःच्या रस्त्यानं खात्यात जा. मी हे सांगतो, लोक वहीत लिहून घेतात. कुणाचं आहे ते मी कधी सांगत नाही.

परवा मंचरला एक आजीबाई उठल्या. म्हणाल्या, "बाबा, खोटं वळखायचं समजलं. पन एखाद्यानं खरंच लिवलं आन आपुन खोटं म्हनून टाकून दिलं, तर त्यानं काय करावं?"

मी चहा न घेताच निघालो.

घरी येऊन कपाटातलं निळं पत्र काढलं. ते मी कधीच फोडलेलं नाही, ते माझं नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढले. पुढून त्यांचं अक्षर, मागून शिक्के. तिच्या जुन्या पत्त्यावर मेल लिहिला. पहिल्या ओळीत फक्त 'घेण्यास नकार'. त्याखाली जे वर लिहिलंय ते सगळं, तात्या गेल्याचंही. तिनं तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी दाबून ठेवलं, हे सरळ लिहिलं. दुवा नाही, घाई नाही. शेवटी माझं नाव, घरचा पत्ता, फोन. मूळ पत्र कुठं पाठवू, एवढंच विचारलं.

ती तो पत्ता अजून वापरते की नाही, ठाऊक नाही. उघडला तरी खरा मानेल का, तेही नाही. परत आलेला नाही, एवढं खरं.

आज नववा दिवस. सकाळपासून पाच-सहा वेळा फोन उघडून झाला. मघाशी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुणाशी बोलताय?" तेव्हा मला कळलं की मी मोठ्यानं विचारत होतो.

आलं का?