नुसतं ऐकून
ओल्या मेथीचा वास आला की तळेगावच्या बाजाराच्या आदल्या दिवसाची ती संध्याकाळ आठवते. अंगणात मी जुड्या बांधत होते, शेजारी चार वर्षांची लेक मोबाईल बघत होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, काय बघतीय पोरगी, बघ की जरा." माझे हात चिखलानं भरलेले, म्हणून नुसतं ऐकूनच मी तोऱ्यात सांगितलं, "लहान पोरांची गाणी हायेत, आत्या." थोड्या वेळानं वळून पाहिलं, तर लेकीनं माझ्याच सुतळीनं बाहुलीचं तोंड करकचून बांधलं होतं. "लई रडती ना ती! मोबाईलमधी असंच करत्यात," ती हसत म्हणाली. आता प्रत्येक चॅनल आधी मी स्वतः बघते; पण रडू आलं की लेक अजूनही आपल्याच हातानं तोंड दाबून धरते.