अक्काचे उपवास

माझी मोठी बहीण, अक्का, मुखेडला दिलेली, मी लातूरला. तिच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली तेव्हापासून दर केमोला आम्ही दोघी आपापल्या एसटीनं नांदेड गाठतो. आधी औषधानं गाठ आकसवायची, मग ऑपरेशन, असं ठरलेलं.

पहिल्याच खेपेला अक्कानं डॉक्टरांना विचारलं, "ही वाढती तरी कशाच्या जिवावर?" डॉक्टर भले माणूस, त्यांनी नीट समजावलं. स्तनात चरबी असतेच, पण गाठीला लागून असलेल्या चरबीच्या पेशी तिच्या नादी लागतात. आपल्यातली साठवण तिला पुरवतात, पसरायलाही हातभार लावतात. अक्का मान डोलवत होती. मला वाटलं, झालं समाधान.

त्यानंतर तिचे उपवास वाढले. सोमवार होताच, त्यात गुरुवार आला, शनिवार आला, मग चतुर्थी, एकादशी. साबुदाणा नाही, भगर नाही, नुसता कोरा चहा. आमच्याकडं बाईनं उपवास धरला की विषय संपला. मोड म्हणायची कुणाची टाप नाही. तिची सासू तर शेजारणींना कौतुकानं सांगायची.

परवा वजनकाट्यावर उभी राहून तिनं पदर सावरायला हात वर केला, तर बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. रक्तही कमी भरलं. डॉक्टरांनी डोस पुढं ढकलला. पुढच्या आठवड्यात अंगात बळ दिसलं तरच देऊ म्हणाले, आणि औषध थांबलं तर गाठ थांबणार नाही, हेही म्हणाले.

बाहेर बाकड्यावर मी तिचा दंड धरला. "कोणत्या देवाला बोललीस एवढं?"

"देवाला न्हाई गं. मी खाल्लं की चरबी धरती, अन् चरबी तिला चारती. तिला उपाशी मारून राहिले मी."

माझं डोकंच फिरलं. तिला तशीच ओढत परत आत नेलं. डॉक्टरांनी अक्षरशः हात जोडले. "बाई, उपाशी राहून गाठीचा खुराक तुटत नाही, तुमचंच अंग तुटतं." अक्का हो हो म्हणाली.

पुन्हा बाकड्यावर येऊन मी डबा उघडला. भाकरी होती, मेथीची भाजी होती. ती नुसती बघत बसली.

"ह्यो घास कुणाला लागंल, तुला ठावं हाय का?"

मला कुठं ठाऊक होतं! मी ओरडले. आजूबाजूचे पेशंट बघायला लागले. मग ओरडणंही संपलं आणि मी तिच्या पायाशी बसून हमसाहमशी रडले. "माझ्यासाठी खा गं अक्का, मला दुसरं कोण हाय?"

तिनं तुकडा मोडला. डाव्या छातीवरून पदर घट्ट ओढून घेतला, मान उजवीकडं वळवली, आणि गाठीला कळू नये अशा बेतानं हळूहळू चावायला लागली.