भावाच्या घरातली दुसरी प्रत

धाकट्या भावाशी मी दोन वर्षं बोलत नव्हते आणि मला त्याची खंतही नव्हती.

बाबांचा कर्जत स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ होता. ते गेले आणि पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दुसऱ्याच दिवशी भाऊ त्याच्या चौक गावाहून टेंपो घेऊन आला. स्टुडिओतले निगेटिव्हचे सगळे पत्र्याचे डबे त्याने टेंपोत चढवले. मी दारात उभी राहिले, तर म्हणाला, "मुलगा मी हाय. बाजूला हो."

त्याने ते डबे आपल्या घरामागच्या शेडमध्ये टाकले. एक पावसाळा गेला. दिवाळीत मी बघायला गेले तेव्हा फिल्मा एकमेकींना चिकटलेल्या होत्या आणि झाकण उघडताच व्हिनेगरसारखा वास आला. एक पट्टी सोडवायला गेले तर तिच्यावरची माणसं माझ्या बोटांना लागून आली. शेजारी ऐकत होते तरी मी बोलले, "बाबांना तू दुसऱ्यांदा मारलंस." त्याने माझ्यामागे फाटक लावून घेतलं. नंतर ना फोन, ना निरोप.

नशीब एवढंच की बाबांच्या आजारपणात, दर रविवारी त्यांना शेजारी बसवून, मी बहुतेक निगेटिव्ह स्कॅन करून ठेवल्या होत्या. कोणाचं लग्न, कुठल्या साली, ते सांगायचे आणि मी लिहायचे. बुद्धपौर्णिमेच्या मिरवणुका, पळसदरीच्या धरणावर अवघडून उभी असलेली नवी जोडपी, शाळांचे गटफोटो. हे सगळं एका हार्डडिस्कवर होतं आणि एक दिवस ती डिस्क टकटक वाजायला लागली. जेमतेम वाचली. मग मी घरात ठेवायचा छोटा सर्व्हर घेतला. बुटांच्या खोक्याएवढी पेटी, आत दोन डिस्क.

मी शिकवते त्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाईंनी त्यावरही पाणी ओतलं. "एकाच घरात दहा प्रती ठेवल्या तरी ती एकच प्रत झाली. दुसऱ्या गावात कोणी नाही का तुमचं?"

माझं घर दहिवलीला, तळमजल्यावर. नदी फुगली की पाणी पायरीपर्यंत येतं. दुसऱ्या गावात माझं म्हणावं असं एकच माणूस होतं. मी फोन लावला.

"काय काम हाय?" तो म्हणाला.

मी सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग हसला, वाईट हसला. "आणि ते पण मी सडवलं तर?"

"म्हणूनच मशीन आहे. तू हात लावायचा नाहीस."

"मॅडमचा हुकूम," असं म्हणून त्याने फोन ठेवला. पूर्वी तो मला ताई म्हणायचा. पण आठवड्याभरात त्याने तसलीच पेटी विकत घेतली आणि खोक्याचा फोटो पाठवला. खाली एक शब्द नाही.

एवढे फोटो पहिल्यांदा इंटरनेटवरून पाठवायचे तर कितीतरी दिवस गेले असते. म्हणून पहिली प्रत दोन्ही पेट्या शेजारी ठेवून करायची ठरली. एका रविवारी तो आपली पेटी टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. मी दोन्हींच्या मध्ये केबल जोडली. सहा तास लागणार होते. तो खुर्चीत बसला, चप्पलसुद्धा न काढता. मी चहा ठेवला. चहावर साय धरली, तरी त्याने कपाला हात लावला नाही.

दुपारनंतर त्याने विचारलं, "हे एकाच बाजूनं जाणार?"

"हो. माझ्याकडून तुझ्याकडे."

"म्हंजे मी नुसता वॉचमन? मला माझे फोटो टाकायचे झाले तर?"

"तुझे फोटो तू वेगळे ठेव."

"रसायनीला कंपनीत मी दिवसभर मशीनीच सांभाळतो. मला शिकवू नको. दोन्ही बाजूनं लाव, नायतर नको." आणि त्याने खरंच उठून केबलला हात घातला. निम्म्याहून जास्त काम झालं होतं. मी दात आवळले आणि तसं लावून दिलं. दोन्ही बाजूंनी म्हणजे एकीकडे टाकलेलं दुसरीकडे येणार आणि एकीकडे पुसलेलं दुसरीकडेही पुसलं जाणार. हे मला माहीत होतं. म्हणून तो हात धुवायला गेला तेवढ्यात मी माझ्या पेटीत आणखी एक गोष्ट चालू केली. रोजची जशी असेल तशी प्रत तीन महिने जपून ठेवायची, म्हणजे पुसलेलं परत आणता येतं. त्याला सांगितलं नाही.

पेटी चौकला गेल्यावर दोन्ही घरं इंटरनेटवरून जोडायची होती. त्यासाठी त्याच्या राउटरच्या आत जावं लागणार होतं. फोनवर मी पासवर्ड विचारला. तो म्हणाला, "लिहून घे," आणि एक तारीख सांगितली. त्याच्या लग्नाची तारीख. वहिनी त्याला सोडून गेली त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. राउटर तिनेच बसवून घेतलेला. माझं तिच्याशी अजून बोलणं होतं, आणि त्याच्या लेखी ती माझी गद्दारी होती.

"झालं ना समाधान?" तो ओरडला. मी तर काहीच बोलले नव्हते.

रोज दुपारी एक वाजता बॅकअप चालायचा आणि शाळेतून आल्यावर मी त्याची नोंद बघायचे. एक महिना सुरळीत गेला. मग एका गुरुवारी नोंदीत दिसलं की एक अख्खं फोल्डर गेलंय. त्याच्या लग्नाच्या वर्षाचं.

बाबा जन्मभर कॅमेऱ्यामागे उभे राहिले. त्यांचा फोटो काढायचं आम्हा दोघांना कधी सुचलं नाही. वहिनीला सुचलं. नवी नवरी असताना तिने त्यांच्या हातातला कॅमेरा काढून घेतला आणि त्यांचे दहा-बारा फोटो काढले. स्टुडिओच्या दारात, धरणावर, ताटावर बसलेले. बाबांचे धड फोटो तेवढेच. ते त्याच फोल्डरमध्ये होते.

मी फोन लावला. "फोल्डर तू पुसलंस?"

"हो. माझ्या घरात ती नको."

"त्यात बाबा होते."

"मला काय म्हाईत?"

"उघडून बघितलं असतंस तर कळलं असतं."

"उघडायचंच नव्हतं मला!" त्याचा आवाज चिरकला. मला दया यायला हवी होती. नाही आली.

त्याच संध्याकाळी मी जपलेल्या प्रतीतून ते फोल्डर दोन्ही पेट्यांत परत आणलं. मग दोन्ही बाजूंचं काम बंद करून एकाच बाजूचं केलं, तेही कुलूपबंद, त्याच्याकडच्या आधीच्या प्रतीसकट. त्याच्या पेटीत सगळं जाणार, पण किल्ली, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडे. त्याला उघडता येणार नाही, वेचून पुसता येणार नाही. त्याच्या लग्नाचे फोटो मला त्यातून वगळता आले असते. तासाभराचं काम होतं. मी मुद्दाम वगळले नाहीत.

आणि गप्पही बसले नाही. त्याला मेसेज लिहिला: "फोल्डर परत आणलं आहे. आता ते तुझ्या घरात आहे, कुलपात. वहिनीसकट."

लगेच फोन आला. "काढ ते. माझ्या घरातनं काढ."

"नाही काढणार. तू डबे नेलेस तेव्हा मला विचारलं होतंस?"

"मी पेटीच बंद करीन."

"कर. म्हणजे बाबांना तिसऱ्यांदा."

हे बोलायला नको होतं, असं आता वाटतं. तेव्हा बोलून बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता बॅकअप झाला नाही. माझ्या पेटीला त्याची पेटी सापडत नव्हती. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. पाठोपाठ लाल ओळी येत राहिल्या. मी पेनड्राइव्ह आणून बाबांचे तेवढे फोटो त्यावर घेतले आणि शाळेच्या कपाटात ठेवले. त्याला फोन करायचा नाही, हे नक्की होतं. वर्गात मात्र पोरांवर उगाच खेकसत होते.

नवव्या दिवशी नोंद हिरवी आली. मधल्या दिवसांचं सगळं एका झटक्यात तिकडे पोचलं होतं. थोड्या वेळाने त्याचा मेसेज आला: "लाईट नव्हती."

चौकहून आमच्या शाळेत एक शिक्षक रोज येतात. त्यांच्याकडे लाईट एक दिवसही गेली नव्हती. मी ते काही त्याला कळवलं नाही. "बरं," एवढंच लिहिलं.

याला आता वर्ष होईल. आम्ही बोलत नाही. त्याने किल्ली मागितलेली नाही आणि मी दिलेली नाही. पेटी त्याने पुन्हा बंद केलेली नाही.